दात्रकोशिका पांडुरोग

रक्तातील तांबड्या कोशिकांमध्ये असणाऱ्या हीमोग्लोबिन या प्रथिनातील आनुवंशिक दोषामुळे उद्भवणारा व जन्मभर टिकणारा विकार. दात्र म्हणजे विळा. ऑक्सिजनाचे प्रमाण घटताच या रोगातील तांबड्या कोशिका आपला मूळचा चकतीसारखा आकार सोडून विळ्यासारख्या वाकड्या व ताठर होतात, यावरून हे नाव पडले आहे. आरोग्य खात्याच्या कागदपत्रांत व लोकांच्या बोलण्यात तो ‘सिकलसेल’ या नावानेच ओळखला जातो. महाराष्ट्रात विदर्भाचा पूर्व भाग आणि खानदेशातील सातपुड्याचा पट्टा ही त्याची दोन मोठी क्षेत्रे होत. या रोगाच्या मुळाशी हीमोग्लोबिनाच्या रेणूच्या पृष्ठभागावर झालेला एकच लहानसा बदल आहे. त्यामुळे रेणू रेणूला आणि कोशिका रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटते. म्हणून आनुवंशिकी व वैद्यक यांच्याइतकाच तो पृष्ठ रसायनशास्त्राचाही विषय झाला असून त्याचे निदान आणि उपचार या दोन्हींतील अलीकडची प्रगती बव्हंशी याच दिशेने झाली आहे.

आनुवंशिकता : प्रौढ माणसाच्या हीमोग्लोबिनाच्या रेणूत दोन आल्फा व दोन बीटा अशा चार शृंखला असतात. बीटा शृंखलेचे जनुक अकराव्या गुणसूत्रावर असते. या जनुकात एका ठिकाणी उत्परिवर्तन (आनुवंशिक द्रव्यातील बदल) होऊन शृंखलेतील १४६ ॲमिनो अम्लांपैकी सहाव्या स्थानावरील ग्लुटामिक अम्लाच्या जागी व्हॅलीन येते. अशा हीमोग्लोबिनाला ‘हीमोग्लोबिन-एस’ म्हणतात. माता व पिता या दोघांकडूनही सदोष जनुक आल्यास अपत्याला रोग होतो. एकाकडूनच आल्यास ते अपत्य वाहक ठरते. वाहकाची प्रकृती सामान्यतः चांगली असते व आपण वाहक आहोत हे त्याला बहुधा ठाऊकच नसते. दोन वाहकांचा विवाह झाल्यास प्रत्येक गर्भधारणेच्या वेळी अपत्य रोगी असण्याची शक्यता पंचवीस टक्के, वाहक असण्याची पन्नास टक्के आणि पूर्ण निर्दोष असण्याची पंचवीस टक्के असते. ही शक्यता प्रत्येक वेळी नव्याने लागू होते. पहिले मूल रोगी निघाले म्हणजे पुढची तीन निरोगी निघतील, असा अर्थ काही कुटुंबे काढतात, तो बरोबर नाही.

इतिहास : शिकागो येथील वैद्य जे. बी. हेरिक यांनी १९१० मध्ये ग्रेनाडा बेटावरून आलेल्या एका विद्यार्थ्याच्या रक्तातील विळ्याच्या आकाराच्या कोशिकांचे वर्णन प्रसिद्ध केले. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी विद्युत् संचारणाने (विद्युत् क्षेत्रात भारित रेणूंच्या होणाऱ्या वहनाने) रोग्याच्या व निरोगी माणसाच्या हीमोग्लोबिनांवरील विद्युत् भार भिन्न असल्याचे दाखविले आणि हा ‘रेणवीय रोग’ असल्याचे प्रतिपादन केले. एखाद्या रोगाचे कारण विशिष्ट रेणूतील दोषात दाखविले जाण्याचा हा पहिलाच प्रसंग होय. ग्लुटामिक अम्लाच्या जागी व्हॅलीन आल्याचा शोध त्यानंतर व्हर्नन इनग्रॅम यांनी केंब्रिज येथे १९५६-५७ मध्ये लावला. भारतात हा दोष प्रथम १९५२ मध्ये निलगिरीच्या आदिवासींत लेमन व कटबुश यांना आढळला. मध्य भारतातील त्याच्या अस्तित्वाची नोंद नागपूरहून शुक्ला व सोळंकी यांनी १९५८ मध्ये केली.

पृष्ठ रसायनशास्त्राच्या दृष्टीने : ग्लुटामिक अम्ल ऋण भारित व पाण्याशी सलगी करणारे असते, तर व्हॅलीन भाररहित व जलद्वेषी (पाण्यापासून दूर राहू पाहणारे) असते. सहावे स्थान रेणूच्या अंतर्भागात नसून पृष्ठभागावर आहे. त्यामुळे या बदलाने रेणूच्या घडीत काही फरक पडत नाही व ऑक्सिजन वाहण्याचे त्याचे कामही चालू राहते, परंतु त्याच्या पृष्ठभागावर एक जलद्वेषी ठिपका निर्माण होतो. रेणूने ऑक्सिजन सोडला की त्याचा आकार किंचित बदलतो आणि बीटा शृंखलेवर ८५ व्या स्थानावरील फिनिलॲलॅनीन व ८८ व्या स्थानावरील ल्यूसीन यांच्यामध्ये एक खोबण उघडी पडते. शेजारच्या रेणूचे व्हॅलीन या खोबणीत नेमके बसते. अशा रीतीने एकास एक रेणू जडून लांब तंतू तयार होतात. अशा प्रत्येक तंतूत चौदा सर असतात व त्याचा व्यास सु. २१ नॅनोमीटर असतो. एका तांबड्या कोशिकेत हीमोग्लोबिनाचे सु. २७ कोटी रेणू दाटीवाटीने असतात. त्यांचे तंतू बनू लागले की ते कोशिकेच्या पटलाला आतून रेटतात व तिचा आकार बिघडतो.

ही क्रिया ताबडतोब सुरू होत नाही. ऑक्सिजन सुटल्यानंतर काही काळ काहीच घडत नाही व मग एकाएकी तंतूंचा भर येतो. मध्यंतरीच्या या काळाला विलंबकाल म्हणतात. हॉफ्रिक्टर, रॉस व ईटन यांनी १९७४ मध्ये असे दाखविले की, विलंबकाल हीमोग्लोबिनाच्या संहतीच्या (विद्रावातील प्रमाणाच्या) फार मोठ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असतो. निरनिराळ्या प्रयोगांत हा घात १५ पासून ३० च्याही पुढे आढळला आहे. तो ३० धरला, तर संहती केवळ दहा टक्क्यांनी वाढताच विलंबकाल सु. सतराव्या हिश्श्यावर येतो. याचे कारण १९८५ मध्ये स्पष्ट झाले. पहिले काही रेणू एकत्र येऊन बीज तयार होणे अवघड असते. मात्र एकदा एक तंतू तयार झाला की त्याच्याच पृष्ठभागावर नवी बीजे सहज रुजतात व तंतूला तंतू फुटत जातात.

विलंबकालाच्या या कल्पनेने रोगाचे बरेचसे वर्तन उलगडते. तांबडी कोशिका केशवाहिनीतून थोड्याच वेळात पार होते व फुप्फुसात जाऊन पुन्हा ऑक्सिजन घेते. विलंबकाल या प्रवासापेक्षा जास्त असेल, तर कोशिका विळ्याचा आकार घेण्याआधीच सुटते. म्हणूनच रोग्याच्याही बहुतेक कोशिका बहुतेक वेळा सुरक्षित राहतात. शरीरातील पाणी घटले, ताप आला, थंडीने रक्तवाहिन्या आकुंचन पावल्या किंवा प्रवाह मंदावला की ही शर्यत हरली जाते. जळगाव-भुसावळ भागात उन्हाळ्यात तापमान ४५° से. च्या पुढे जाते. अशा उन्हात पुरेसे पाणी न पिता शेतात राबणाऱ्या रोग्याच्या कोशिकांत हीमोग्लोबिनाची संहती वाढते, ती याच नियमाच्या कक्षेत. भरपूर पाणी पिण्याचा साधा वैद्यकीय सल्ला या रोगात औषधाच्या योग्यतेचा आहे.

चिकटण्याची दुसरी पातळी कोशिकेच्या पृष्ठभागाची. वारंवार आकार बदलल्याने कोशिकेच्या पटलाची मोडतोड होते व एरवी पटलाच्या आतल्या बाजूस राहणारे फॉस्फॅटिडिल सेरीन हे मेदद्रव्य बाहेर येते. अशा कोशिका रक्तवाहिनीच्या अंतःस्तराला चिकटतात. हेबेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० मध्ये या चिकटपणाचा रोगाच्या तीव्रतेशी संबंध असल्याचे दाखविले. रक्तवाहिनी तुंबण्याची सुरुवात वाकड्या कोशिकांनी होते असा पूर्वी समज होता. पांढऱ्या कोशिका, बिंबाणू व अंतःस्तर यांनी एकमेकांना धरून ठेवणे हेही तितकेच महत्त्वाचे असल्याचे आता मानले जाते.

लक्षणे : नवजात अर्भकात गर्भीय हीमोग्लोबिन भरपूर असल्यामुळे सहा महिन्यांपर्यंत लक्षणे सहसा दिसत नाहीत. त्यानंतर हातापायांच्या बोटांना वेदनायुक्त सूज येणे हे बहुधा पहिले चिन्ह असते. निरोगी तांबडी कोशिका सु. १२० दिवस जगते, तर या रोगातील कोशिका बहुधा १० ते २० दिवसच जगते. त्यामुळे पांडुता कायमची असते व डोळ्यांत पिवळेपणा दिसतो. हाडे, सांधे, पाठ व पोट यांत अधूनमधून असह्य वेदनांचे झटके येतात. प्लीहा लहानपणीच निकामी होऊ लागल्याने जंतुसंसर्ग बळावतो व बालमृत्यूंचे ते एक प्रमुख कारण ठरते. पक्षाघात, फुप्फुसांचा तीव्र विकार, मांडीच्या हाडाच्या डोक्याचा नाश व मूत्रपिंडांची हानी हे पुढील उपद्रव होत.

खानदेशातील प्रसार : सातपुड्याच्या दक्षिण उतारावर व पायथ्याशी जळगाव जिल्ह्यातील रावेर, यावल व चोपडा, धुळे जिल्ह्यातील शिरपूर आणि नंदुरबार जिल्ह्यातील तळोदा, अक्कलकुवा व अक्राणी हे तालुके एका ओळीत येतात. भिल्ल, पावरा व तडवी यांची वस्ती या पट्ट्यात आहे. साक्री व नवापूर या पश्चिमेकडील तालुक्यांत भिल्ल, कोकणा व मावची या जमाती राहतात. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा झाला. त्यामुळे त्यापूर्वीच्या पाहण्यांत ‘धुळे जिल्हा’ म्हणून दिलेली आकडेवारी आजच्या दोन्ही जिल्ह्यांची असते, हे ती वाचताना ध्यानात ठेवावे लागते.

पुणे येथील एस. एल. काटे यांनी महाराष्ट्रातील आदिवासी जमातींची दीर्घकाळ पाहणी केली व तिचे निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनुसार जमातीपरत्वे हा दोष शून्य ते ३५ टक्के लोकांत आढळतो आणि भिल्ल, पावरा, माडिया, परधान व ओतकर यांत तो २० ते ३५ टक्के इतका आहे. पाच हजारांहून अधिक रोगी असल्याचा अंदाज ज्या जिल्ह्यांबाबत वर्तविण्यात आला, त्यांत गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर, भंडारा व यवतमाळ यांच्या जोडीला खानदेशातील नंदुरबार आहे. या प्रमाणाचा अर्थ साध्या गणिताने कळतो. जमातीत शंभरांपैकी वीस वाहक असतील आणि विवाह जमातीतच होत असतील, तर शंभरांपैकी चार जोडप्यांत दोघेही वाहक असणार व एकूण जन्मणाऱ्या शंभर मुलांपैकी एक रोगी असणार. एखाद्या आनुवंशिक रोगाच्या मानाने हे प्रमाण फारच मोठे आहे.

इतका घातक दोष पिढ्यान् पिढ्या टिकून कसा राहिला, याचे उत्तर हिवतापात आहे. ए. सी. ॲलिसन यांनी १९५४ मध्ये पूर्व आफ्रिकेतील निरीक्षणांवरून वाहकांना घातक हिवतापापासून काही प्रमाणात संरक्षण मिळते असे दाखविले. सातपुड्याचा वनप्रदेश पूर्वीपासून हिवतापग्रस्त होता व तेथे वाहक अधिक संख्येने जगले. आफ्रिकेतून आलेल्या लोकांनी हा दोष भारतात आणला, अशी एक जुनी कल्पना होती. परंतु भारतातील व अरबस्तानाच्या पूर्व भागातील सदोष जनुकाच्या आजूबाजूची आनुवंशिक रचना आफ्रिकेतील रचनांपेक्षा वेगळी असल्याचे १९८६ मध्ये आढळले. या ‘अरब-भारतीय’ प्रकारात गर्भीय हीमोग्लोबिन प्रौढपणीही बऱ्याच प्रमाणात टिकते. या हीमोग्लोबिनाच्या गॅमा शृंखलेत ८७ व्या स्थानी ग्लुटामीन असल्यामुळे त्याचा रेणू तंतूत नीट बसत नाही व तंतूची वाढ अडते. पश्चिम भारतातील आदिवासींत आल्फा थॅलॅसीमिया हा दुसरा सौम्य दोषही सर्रास आढळतो व त्यानेही तांबड्या कोशिकांचा नाश काहीसा कमी होतो. या दोन कारणांमुळे येथील रोग सौम्य असतो असे पुष्कळदा लिहिले जाते. हे विधान जपून स्वीकारावयास हवे. जे रोगी प्रौढ वयापर्यंत पोहोचले त्यांच्याच पाहणीवरून ते मुख्यतः बेतलेले आहे. अक्राणीतील एखाद्या पाड्यावर तापाने दगावलेल्या दोन वर्षांच्या मुलाच्या रक्ताची तपासणी झालेली नसते. नागपूरकडील अनेक रोग्यांत तर जनुकाचा हाच प्रकार असूनही रोग तीव्र आढळतो.

या पट्ट्यातील पुष्कळ कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी व इतर मजुरीसाठी गुजरातेत जातात. कष्ट, थंडीतील उघड्यावरचा मुक्काम, अपुरे पाणी आणि चालू औषधात पडणारा खंड या चारही गोष्टी तेव्हा एकत्र येतात. रोग्याच्या नोंदी एका राज्यात व झटका दुसऱ्या राज्यात, अशी अडचण त्यात भर घालते.

निदान : बाधित प्रदेशात प्राथमिक तपासणीसाठी विद्राव्यता परीक्षा वापरतात. रक्ताचा थेंब क्षपणकारक (ऑक्सिजन काढून घेणाऱ्या) लवणाच्या संहत फॉस्फेट विद्रावात टाकला असता हीमोग्लोबिन-एस अविद्राव्य होऊन विद्राव गढूळ होतो व नळीमागील रेघा दिसेनाशा होतात. ही परीक्षा स्वस्त आहे, पण ती वाहक व रोगी यांत भेद करीत नाही आणि सहा महिन्यांखालील अर्भकात फसवी ठरते. म्हणून विद्युत् संचारण किंवा उच्च कार्यक्षमता द्रव वर्णलेखन यांनी खात्री करून घेतात. वर्णलेखनात रक्तातील हीमोग्लोबिने आयन-विनिमय करणाऱ्या ऋण भारित कणांच्या स्तंभातून जाऊ देतात. हीमोग्लोबिन-एस मधील ऋण भार कमी असल्यामुळे ते कणांच्या पृष्ठभागाला अधिक घट्ट धरून राहते व नेहमीच्या हीमोग्लोबिनानंतर बाहेर पडते. पॉलिंग यांना ज्या भारभेदाने रोगाचे मूळ दिसले, त्याच भेदावर जिल्हा रुग्णालयातील यंत्र चालते.

अलीकडे पाड्यावरच दहा-पंधरा मिनिटांत निष्कर्ष देणाऱ्या कागदी पट्ट्या प्रचारात आल्या आहेत. नायट्रोसेल्युलोजाच्या पटलावर अधिशोषणाने (पृष्ठभागावर रेणू धरून ठेवले जाण्याच्या क्रियेने) बसविलेली प्रतिपिंडे व रंगीत सूक्ष्मकणांना जोडलेली प्रतिपिंडे यांच्यामुळे पट्टीवर रेघा उमटतात व त्यांवरून निर्दोष, वाहक आणि रोगी हे तिन्ही ओळखता येतात. अधिशोषित प्रथिनाची घडी उष्णतेने उलगडली की पट्टी निकामी होते. त्यामुळे खानदेशच्या उन्हाळ्यात तिच्या साठवणुकीकडे विशेष लक्ष द्यावे लागते. शिरपूर येथील औषधनिर्माणशास्त्राच्या संशोधकांनी धातूच्या पातळ थरावरील पृष्ठ-प्लाझ्मॉन अनुस्पंदनावर आधारलेल्या जैवसंवेदकांविषयी संशोधन प्रसिद्ध केले आहे. ते अल्झायमर रोगाची दर्शक प्रथिने ओळखण्यासाठी असले, तरी पृष्ठभागावर प्रतिपिंड बसवून रेणू पकडण्याचे तत्त्व तेच आहे.

केंद्र शासनाने १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून दात्रकोशिका पांडुरोग निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली. सतरा राज्यांतील चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून या रोगाचे उच्चाटन ही तिची उद्दिष्टे आहेत. विवाहापूर्वी वाहकांनी आपापली ओळखपत्रे पडताळून पाहावीत, असा सल्ला तपासणीसोबत देतात. जेथे दर चार-पाच माणसांमागे एक वाहक असू शकतो, तेथे वाहकपणाला कलंक मानल्यास लोक तपासणीच टाळतील. त्यामुळे समुपदेशकाला जमातीची भाषा येणे ही येथे सोय नसून गरज आहे. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या २०१६ च्या अधिनियमात या रोगाचा समावेश झालेला आहे.

उपचार : जंतुसंसर्ग टाळणे हा उपचाराचा पाया होय. बालकांना पेनिसिलीन नियमितपणे दिल्यास न्यूमोकॉकस जंतूंचा गंभीर संसर्ग ८४ टक्क्यांनी घटतो, असे १९८६ मध्ये अमेरिकेतील चाचणीत दिसून आले. त्याच्या जोडीला लस व फॉलिक अम्ल देतात. ही सर्व साधने स्वस्त आहेत.

हायड्रॉक्सियूरिया हे सर्वांत महत्त्वाचे औषध आहे. त्याने गर्भीय हीमोग्लोबिन वाढते, विलंबकाल लांबतो व कोशिकांचा चिकटपणाही कमी होतो. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या २९९ प्रौढ रोग्यांवरील चाचणीत वेदनांच्या झटक्यांचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले. शरीराच्या दर किग्रॅ. वजनामागे रोज १० मिग्रॅ. एवढी लहान मात्राही भारतीय रोग्यांत गुणकारी ठरते, असे नागपूर व ओडिशा येथील अभ्यासांत आढळले. या मात्रेने खर्च व दुष्परिणाम दोन्ही कमी राहतात. औषध चालू असताना रक्तातील कोशिकांची गणना ठराविक काळाने करावी लागते. धुळे व जळगाव येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालये असली, तरी सातपुड्यातील रोग्याला त्यासाठी पडणारी पायपीट हा या उपचारातील खरा अडथळा आहे.

तीव्र पांडुतेत किंवा पक्षाघाताच्या भीतीने वारंवार रक्त द्यावे लागले, तर शरीरात लोह साचून यकृत व हृदय यांना अपाय होतो. म्हणून ‘रक्त कमी’ एवढ्यावरून तपासणीविना लोहाच्या गोळ्या चालू ठेवणे या रोगात योग्य नाही. साचलेले लोह काढण्यासाठी प्रथम वापरात आलेले डेस्फेरिऑक्झामीन हे मुळात स्ट्रेप्टोमायसीज पायलोसस या सूक्ष्मजीवाचे सिडेरोफोर (परिसरातील लोह पकडून आणणारे संयुग) होय. त्वचेखाली तासन् तास देण्याच्या या अंतःक्षेपणाऐवजी पोटात घेण्याची औषधेही आता उपलब्ध आहेत. सूक्ष्मजीवांच्या सिडेरोफोरांवर जळगाव येथील विद्यापीठात (स्थापना १९९०, सध्याचे नाव कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ) सुधीर चिंचोलकर यांनी दीर्घकाळ संशोधन केले. अजित वर्मा यांच्यासमवेत त्यांनी संपादिलेला या विषयावरील ग्रंथ २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. या संशोधनाचा रोख मुख्यतः शेतीकडे होता.

पृष्ठभागांवर नेमका आघात करणारी दोन औषधे अमेरिकेत नोव्हेंबर २०१९ मध्ये मान्य झाली. क्रिझॅनलिझुमॅब हे प्रतिपिंड अंतःस्तरावरील पी-सिलेक्टिन हा चिकटणारा रेणू झाकते. पुढील मोठ्या चाचणीत त्याचा अपेक्षित लाभ दिसला नाही व युरोपीय संघाने २०२३ मध्ये त्याची मान्यता काढून घेतली. व्हॉक्सेलोटॉर हीमोग्लोबिनाला ऑक्सिजनयुक्त अवस्थेत धरून ठेवून खोबण उघडू देत नसे. सुरक्षिततेच्या कारणावरून ते सप्टेंबर २०२४ मध्ये उत्पादकांनी जगभरातून परत घेतले. अनेक ठिकाणी चिकटणाऱ्या या रोगात एकच जागा झाकून भागत नाही, असे यावरून दिसते.

रोग समूळ नाहीसा करणारा उपचार म्हणजे जुळणाऱ्या भावंडाच्या अस्थिमज्जेचे प्रतिरोपण. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनने व ८ डिसेंबर २०२३ रोजी अमेरिकेने जनुक-संपादनावर आधारलेल्या पहिल्या उपचाराला मान्यता दिली. त्यात रोग्याच्याच मूलकोशिका काढून गर्भीय हीमोग्लोबिन दाबून ठेवणाऱ्या बीसीएल ११ ए या जनुकाचे नियंत्रण करणारा भाग कापतात व त्या कोशिका परत शरीरात सोडतात. म्हणजे अरब-भारतीय प्रकारात निसर्गतः जे काही अंशी घडते, तेच येथे कृतीने घडविले जाते. त्यापूर्वी प्रखर औषधांनी जुनी अस्थिमज्जा नष्ट करावी लागते व रोग्याला कित्येक आठवडे रुग्णालयात राहावे लागते. अमेरिकेत या उपचाराची किंमत २२ लाख डॉलर ठरविण्यात आली. दिल्ली येथील जीनोमिकी व समवेत जीवविज्ञान संस्थेने जनुक कापणाऱ्या एंझाइमाचे स्वतंत्र सुधारित रूप विकसित केले असून कमी खर्चाचा भारतीय उपचार सिद्ध करणे हा त्यामागील हेतू आहे.